खालच्याची साक्ष

कंपनीत त्या दोघांना कोणी नावाने हाक मारल्याचं कोणालाच आठवत नाही. एक वरचा आणि एक खालचा. लिफ्टच्या कामाला नेहमी जोडी लागते. एकाने इमारतीच्या डोक्यावर, मशीनरूममध्ये मेन स्विचपाशी थांबायचं. दुसऱ्याने तळाला, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, तिथलं वंगण, धूळ आणि लोकांनी फटीतून टाकलेली तिकिटं, किल्ल्या, चॉकलेटचे कागद यांच्या संगतीत. बावीस वर्षं हा वर आणि तो खाली. लोकांनी त्यांची तीच नावं पाडली, आणि ती घरापर्यंत गेली. खालच्याची बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, दुकानात मला खालच्याची बायको म्हणतात. बरं दिसतं का ते?" त्यावर वरचा म्हणाला, "वहिनी, आमच्या ताईला विचारा. तिला वरच्याची बहीण म्हणतात. लोक लगेच नमस्कार करतात."

असा हा वरचा. तोंडाचा फाटका, मनाचा मोकळा. लग्न केलं नाही, थोरल्या बहिणीकडे राहिला. आणि खालचा म्हणजे अगदी उलट. नाकासमोर चालणारा, विचारलं तर बोलणारा. गोष्ट सांगायची आहे ती या खालच्याची. वरच्याचं काय झालं ते ओघात येईलच, कारण त्याच्याशिवाय खालच्याची गोष्ट होतच नाही.

कामाचा एक नियम होता आणि तो पहिल्या दिवशी शिकवला जायचा. खालच्याचं काम संपलं की वरून हाक यायची, "मोकळा?" खालच्याने खड्ड्यातून बाहेर येऊन, दरवाजापाशी उभं राहून ओरडायचं, "मोकळा!" हे उत्तर आल्याशिवाय वरच्याने स्विचला हात लावायचा नाही. भूक लागू दे, साहेब ओरडू दे, इमारतीतले लोक जिन्यात उभे राहून शिव्या देऊ देत. उत्तर नाही तर वीज नाही. भाबडा वाटला तरी तो नियम माणसं जिवंत ठेवत होता.

आता खालच्याच्या कानाचं सांगतो. माणसाचे कान एकदम जात नाहीत. आधी त्याला दाराची घंटा ऐकू येईना. मग कुकरची शिट्टी. मग बायको आतल्या खोलीतून काय म्हणते ते. त्याकडे कोणी लक्षच दिलं नाही, कारण बायको आतून बोलते ते जगातल्या कुठल्या नवऱ्याला ऐकू येतं? ती बिचारी आपली म्हणायची, "यांना ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवयच आहे." आणि हाही तेच कारण पुढे करून सुटत होता.

एक दिवस एका चौदा मजली इमारतीत वरच्याने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. पाच वेळा मारली. मग तो चौदा मजले धडाधड उतरून आला, तोंड लालबुंद, छातीचा भाता झालेला. खालचा खड्ड्याबाहेर उभा राहून शांतपणे हात पुसत होता.

"मेलास की काय रे!" वरचा ओरडला.

"अं? झालं की काम. तूच वीज देईनास."

वरच्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलला आणि परत वळला. "काय म्हणालो मी आता?"

खालचा हातातल्या फडक्याची उगाच घडी करत राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते वंगणाच्या हाताने पुसलं, आणि गालावर काळा पट्टा उमटला. वरचा हसला नाही, हे विशेष.

कान गेले हे कंपनीला कळलं असतं तर खालच्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला खड्ड्यात कोण उतरवील? आणि वर बसवावं तर तिथेही कानच लागतात. वय पन्नाशीच्या पुढे, बायको अंथरुणाला खिळायला लागलेली, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर. त्याने हात जोडले नाहीत की काही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी वरचाच म्हणाला, "हे बघ, आजपासून ओरडाओरडी बंद. तू बाहेर आलास की पाना घे आणि लिफ्टच्या लोखंडी रुळावर दोनदा ठोक. रूळ खालपासून वरपर्यंत जातो. मला वर आवाज येतो. दोन ठोके म्हणजे मोकळा. दोन ठोके नाहीत तर मी आहे तिथे म्हातारा होईन, पण स्विच लावणार नाही."

सहा वर्षं त्यांनी असं काम केलं. एकाही माणसाला कळलं नाही.

वर्षातून एकदा कंपनीचे डॉक्टर कान तपासायला यायचे. त्यांची पद्धत जुनीच. माणसाच्या मागे उभं राहायचं, हळू आवाजात आकडे कुजबुजायचे, आणि त्याने ते परत म्हणून दाखवायचे. वरचा रांगेत अशा हिशोबाने उभा राहायचा की तो बरोबर खालच्याच्या समोर येईल. डॉक्टर मागून कुजबुजले की वरच्याचे ओठ हलायचे. सत्तावीस. चौसष्ट. एक वर्ष त्याने बत्तीसच्या जागी मुद्दाम तेवीस म्हटलं. नंतर खालचा संतापला तर म्हणाला, "अरे गाढवा, दर वर्षी पैकीच्या पैकी कसे मिळतील? हुशार मुलावरच मास्तरांचा संशय असतो."

बायको गेली. मुलगी लग्न होऊन दूर गेली. खालचा निवृत्त झाला, निरोपाचं भाषण झालं, त्याने भाषणातलं अक्षर न ऐकता योग्य जागी मान डोलावली. आणि मग तो घरी आला, दार लावलं, आणि त्या दाराच्या आत सगळं बंद झालं. नळ वाहतोय की नाही ते बघून कळायचं. टीव्हीवरची माणसं तोंडं हलवायची. कानाचं यंत्र घ्यावं तर डॉक्टर विचारणार, किती वर्षं झाली? आणि कंपनीचे कागद काय सांगतात? म्हणजे वरच्याच्या अंगाशी. नकोच ते. मुलीला त्याने सांगून टाकलं होतं की फोन बिघडला आहे, तू लिहूनच पाठवत जा. ती दोन ओळी पाठवायची, तो दोन ओळी पाठवायचा. बाप-लेकीचं नातं चार ओळींत मावत होतं.

एकट्या वरच्याशीच काय ते बोलणं व्हायचं. दर रविवारी सकाळी तो यायचा, खिडकीसमोरची खुर्ची ओढायचा, उजेडाकडे तोंड करून बसायचा आणि सुरू व्हायचा. कंपनीतल्या भानगडी, ताईच्या तक्रारी, कोणत्या इमारतीत कोण अडकलं, कोणाचं कोणाशी वाजलं. त्याचे ओठ खालच्याला छापलेल्या अक्षरासारखे वाचता यायचे. दुसऱ्या कोणाचे नाही. दुसरी माणसं बोलताना तोंड फिरवतात, हसतात, मिशीत बोलतात. वरचा बोलता बोलता शिंकला तरी आधी हात वर करून थांब म्हणायचा. दोन तास असे जायचे. उरलेल्या सहा दिवसांचं काही सांगण्यासारखं नाही.

आणि दीड वर्षापूर्वी तो अपघात झाला.

खालच्याच्या जागी नवा जोडीदार आला होता. चाळिशीतला, दोन लेकरांचा बाप, कान ठणठणीत. त्याच्याबरोबर वरचा पुन्हा नियमाप्रमाणे हाका मारायला लागला होता. त्या दुपारी नव्या जोडीदाराचं काम संपलं, दाबून ठेवलं की लिफ्ट हलत नाही ते खड्ड्यातलं सुरक्षेचं लाल बटण त्याने सोडवलं, वर चढायला लागला आणि विसरलेली वस्तू घ्यायला परत खाली गेला. वरच्याने हाक न मारताच स्विच लावला. वीज आली की ती लिफ्ट आपोआप तळाला यायची. केबिन खाली आली. पुढचं सांगवत नाही.

खटला चालला. वरच्याने एकच वाक्य धरून ठेवलं, "चूक माझी. मी हाक मारली नाही." का मारली नाही, तर गप्प. सरकारी वकिलाने त्याचा अर्थ लावला की जेवणाची वेळ झाली होती, याला घाई होती, एका डब्यासाठी याने माणसाचा जीव घेतला. वर्तमानपत्रातही तसंच आलं. वरचा दोषी ठरला आणि त्याला आत नेलं. शिक्षा किती, ते आठ दिवसांनी ठरणार होतं.

त्या आठ दिवसांत एका सकाळी ताई आली. खालच्याचं दार दिवसा अर्धवट उघडंच असायचं, घंटेची पंचाईत नको म्हणून. ती सत्तरीची बाई समोर येऊन बसली आणि रडत रडत काहीतरी बोलत राहिली. खालचा मान डोलावत राहिला. त्याला एवढंच समजलं की ती रडते आहे. मग तिने पिशवीतून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा त्याने चष्मा लावून वाचली. शिक्षा ठरवण्याआधी आरोपीच्या वागणुकीबद्दल कोणी चांगला माणूस बोलला तर न्यायाधीश विचारात घेतात. तुमच्याइतकं त्याला कोणी ओळखत नाही. खाली वकीलबाईंचा पत्ता होता.

"येतो ना, ताई," खालचा म्हणाला. "हे काय सांगायला हवं?"

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा तर वकिलाच्या पायऱ्या चढतानाच घामाघूम झाला. झेरॉक्सच्या दुकानावरची दोन खोल्यांची कचेरी, आणि वकीलबाई वयाने त्याच्या मुलीएवढी. फायली चाळत, मान खाली घालून भरभर बोलणारी. खालच्याने आपली नेहमीची युक्ती काढली. "बाई, वय झालं. लक्षात राहत नाही. तुम्ही लिहूनच द्या."

तिने एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. मी आरोपीसोबत बावीस वर्षं काम केलं. तो प्रेमळ आणि मदत करणारा आहे. त्याने कामाचा नियम कधीही मोडला नाही. ही त्याच्या आयुष्यातली एकमेव चूक आहे. बस, एवढंच. मग तिने फायलीतून आणखी एक कागद काढला, एका ओळीवर पेन टेकवलं आणि यावेळी मात्र मान वर करून विचारलं, "काका, ही काय भानगड आहे? तो काही सांगतच नाही."

तो अपघातानंतर तासाभरात पोलिसांनी घेतलेला पहिला जबाब होता. पेनाच्या टोकाशी लिहिलं होतं, "मला दोन ठोके ऐकू आले." नंतरच्या एकाही जबाबात ते वाक्य नव्हतं. पोलिसांना त्याचा अर्थ लागला नव्हता, वकिलाला लागला नव्हता. आख्ख्या जगात तो एकाच माणसाला लागणार होता, आणि तो माणूस समोरच्या खुर्चीवर बसून त्या ओळीकडे बघत होता.

त्याला सगळं दिसलं. नवा जोडीदार परत खाली गेला तो विसरलेला पाना आणायला. पाना हातातून निसटला. रुळावर आपटला, उसळला, पुन्हा आपटला. आणि चौदा का किती मजले वर, सहा वर्षं त्याच दोन आवाजांची वाट बघण्यात मुरलेला एक हात डोक्याला न विचारता स्विचवर गेला.

"काका?" वकीलबाईने विचारलं असावं.

"माहीत नाही," खालचा म्हणाला.

घरी येईपर्यंत त्याला आपली शरम वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. माणूस स्वतःला कितीही सज्जन समजो, वेळ आली की "माहीत नाही" हे दोन शब्द तोंडातून कसे सटकन निघतात ते त्याचं त्याला कळत नाही. तो दिवसभर त्या चार ओळी पुढ्यात घेऊन बसला. जेवला नाही. तिसऱ्या ओळीपाशी डोळे अडकायचे.

भेटीच्या दिवशी तो तुरुंगात गेला. मध्ये जाड काच, दोन्हीकडे फोनचा रिसीव्हर. बाजूच्या खिडक्यांपाशी बायाबापड्या रिसीव्हरमध्ये ओरडत होत्या, समोरच्याचं ऐकू न येऊन कपाळाला हात लावत होत्या. या दोघांना फोनची गरजच नव्हती. वरचा आला. हडकला होता, दाढी वाढली होती. बसल्या बसल्या त्याने खुर्ची जरा तिरकी केली, वरच्या दिव्याचा उजेड तोंडावर पडेल अशी, आणि आवाज न काढता बोलायला लागला.

"चार ओळी मिळाल्या ना? पाठ कर. पाठांतरात तू मागे पडायचा नाहीस, सहा वर्षं माझ्या जिवावर पास झालास."

खालचा हसला नाही. तोही नुसते ओठ हलवून बोलला. "दोन ठोके ऐकू आले होते?"

वरच्याने मागच्या शिपायाकडे पाहिलं. "नाही."

"पहिल्या जबाबात आहे."

वरच्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "पाना पडला त्याचा. मला वाटलं... मला काही वाटलंच नाही रे. हात गेला."

"माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कसा? तू तेव्हा घरी बसून मुका टीव्ही बघत होतास."

"मी कोर्टात सांगणार."

वरचा काचेच्या इतका जवळ आला की काचेवर वाफ धरली. ती त्याने बाहीने पुसली, कारण ओठ दिसायला हवे होते. "सांगून काय होणार? तो माणूस परत येणार? सहा वर्षं नियम मोडला म्हटल्यावर माझी शिक्षा कमी होईल की वाढेल? आणि तुला वेगळं बोलावतील ते निराळंच. ऐक माझं. चार ओळी म्हण. वकीलबाई म्हणते, वर्षाच्या आत सुटेन. ते काय बघता बघता जाईल. मग आहेच मी रविवारी."

"आणि तिला काय सांगायचं? त्याच्या बायकोला? की एका डब्यासाठी गेला?"

भेटीची वेळ संपेपर्यंत वरचा ओठ मिटून बसला. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी अबोला कसा धरायचा, तर असा.

शिक्षेच्या दिवशी खालचा इस्त्रीचा सदरा घालून गेला. कोर्टाची खोली उंच छताची, बाकं गुळगुळीत झालेली. ताई पुढच्या बाकावर होती. दुसऱ्या बाजूला एक सावळी, ताठ बसलेली बाई होती, मांडीवर दोन्ही हात. ती कोण ते सांगावं लागलं नाही. वरचा बाजूच्या कठड्याआड उभा होता. न्यायाधीशबाईंनी चष्मा वर करून खालच्याकडे पाहिलं, कोणीतरी त्याच्या कोपराला धरून पुढे नेलं, आणि वकीलबाईने मान हलवून बोला अशी खूण केली.

"मी आरोपीसोबत बावीस वर्षं काम केलं," खालचा म्हणाला. आपला आवाज किती मोठा आहे ते त्याला कळत नव्हतं. मागची दोनचार माणसं दचकली, म्हणजे मोठाच असावा. "तो प्रेमळ आणि मदत करणारा आहे."

आता तिसरी ओळ. त्याने कागदाकडे पाहिलं. कागद बरोबर होता, चष्मा बरोबर होता, जीभच उचलेना. त्याने कधीही नियम मोडला नाही, असं म्हटलं की त्या दुपारी त्याने तो उगाच मोडला असं होत होतं. भुकेपोटी, आळसापोटी, कशापोटी तरी. मित्राची बाजू घ्यायला उभा राहून आपणच त्याच्या तोंडाला काळं फासायचं. खालच्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"त्याने नियम मोडला," तो म्हणाला. "सहा वर्षं रोज मोडला. माझ्यासाठी. मला ऐकू येत नाही."

हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. आभाळ कोसळलं नाही. ताईने मात्र तोंडावर पदर घेतला. वकीलबाई अर्धी उठली आणि तशीच उभी राहिली. खालच्याने वरच्याकडे पाहिलं, आणि वरच्याने काय करावं? पाठ फिरवली. सरळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे ओठ दिसले नाहीत की खालचा बावरतो, गप्प होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा त्याने ते हत्यार वापरलं.

खालचा बावरला. पण गप्प झाला नाही. त्याने सगळं सांगितलं. हाका, चौदा मजले, रूळ, पाना, दोन ठोके. डॉक्टरांनी मागून कुजबुजलेले आकडेही सांगितले. तो बोलत असताना कोणी थांबवत होतं की काय देव जाणे. सरकारी वकील हात हलवत होता, न्यायाधीशबाईंचं तोंड हलत होतं. शेवटी कारकुनाने एक चिठ्ठी आणून त्याच्या हातात दिली. त्यावर न्यायाधीशबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "हे आधी का सांगितलं नाही?"

"भ्यालो," खालचा म्हणाला. "हा भ्याला नाही, मी भ्यालो. तुम्ही विचारलंत माणूस कसा आहे. असा आहे."

दुपारनंतर निकाल सांगायचं ठरलं. खालचा मागच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या शेजारी कोणी बसेना. थोड्या वेळाने ती सावळी बाई उठली, मधली वाट ओलांडून आली आणि त्याच्या बाजूला बसली. काहीतरी बोलली. खालच्याची मान सवयीने डोलायला निघाली होती, ती त्याने आवरली.

"मला समजलं नाही. जरा माझ्यासमोर तोंड करून, सावकाश बोला."

ती वळली. तिने एकेक शब्द सुटा करून विचारलं आणि त्याला तो कळला. "पाना त्यांच्या हातातून पडला?"

"हो. पडला असणार."

"म्हणजे त्यांचीच चूक?"

"नाही हो," खालचा म्हणाला. "पाना कोणाच्याही हातून पडतो. रोज पडतो. पाना पडला म्हणून कोणी मरत नाही. दोन ठोक्यांवर वीज द्यायची सवय माझ्यापायी लागली. चूक माझ्या कानांची, आणि ती लपवली ती माझी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आता ही थुंकेल, नाहीतर उठून जाईल. ती उठली नाही. सगळे उभे राहिले तेव्हा दोघं उभी राहिली.

न्यायाधीशबाई कागद तोंडासमोर धरून वाचत होत्या. खालच्याला कागदाची मागची कोरी बाजू दिसत होती. वरच्याचे खांदे दिसत होते. ते हलले नाहीत. वाचून संपलं, माणसं हलायला लागली, आणि काय झालं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं, त्याला सोडून. विचारायला बाजूला ती एकटीच.

"किती?" त्याने विचारलं.

तिने हात वर केला. चार बोटं.

तो बाकावर बसला. वकीलबाई आली, रागात होती की काय कोण जाणे, पण तिने त्याच्या खिशातून तो चार ओळींचा कागद काढून घेतला आणि मागे लिहून दिलं. न्यायाधीश म्हणाल्या, आरोपी चांगला माणूस आहे याबद्दल कोर्टाला शंका नाही. परंतु सहा वर्षं मोडलेला नियम ही चूक नसते, ती सवय असते, आणि त्या सवयीने एक माणूस मेला. खालच्याने ते दोनदा वाचलं. त्यात खोडण्यासारखा एक शब्द नव्हता, हेच तर वाईट.

वरच्याला दोन शिपाई घेऊन निघाले. मधल्या वाटेने, वरचा ताईच्या पाया पडेपर्यंत थांबून, मागच्या बाकापाशी आले. खालचा उठून उभा राहिला. शिव्या खायची त्याची तयारी होती. खरं तर त्याला शिव्या हव्या होत्या. वरचा थांबला. शिपायाने दंड ओढला तरी थांबला. मान वळवली, खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे तोंड केलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द दिसेल असा बोलला.

"चार वर्षं तुझ्याशी बोलणार कोण रे आता?"

तेवढ्यात शिपाई त्याला दाराबाहेर घेऊन गेले, आणि खालच्याला त्याची नुसती पाठ दिसली.